बावीस, पंचवीस, सत्तावीस

"सदर दुर्घटना ही परवानाधारक तारतंत्री श्री. सहदेव यांनी भारास अनुरूप जाडीची तार न वापरल्यामुळे व त्यांच्या निष्काळजीपणामुळे घडली असून, घरमालक यांचा त्यात कोणताही दोष आढळून येत नाही."

हे वाक्य माझे नाही. असते, तर त्यातले 'सदर' मी सर्वप्रथम खोडले असते. ते एका शासकीय अहवालाचे शेवटचे वाक्य आहे, आणि ज्या घराचा मालक त्यात निर्दोष ठरला आहे ते घर अमरावतीच्या प्राध्यापक वसाहतीत असून तो मालक मी आहे. एकोणचाळीस वर्षे मी जुन्या मराठी पोथ्यांचे संपादन केले. एखाद्या वाक्यातले कोणते विधान खरे, कोणते मागाहून घुसडलेले आणि कोणते लेखकूच्या आळसाचे, हे ठरवणे हाच माझा व्यवसाय होता. त्या अधिकाराने सांगतो की वरील वाक्यात चार विधाने आहेत आणि चारही खोटी आहेत.

पहिले, ही दुर्घटना नव्हती. दुर्घटना माणसावर कोसळते; ही तीन आठवडे खपून, मोजमापे घेऊन, पायरीपायरीने उभी केलेली होती. दुसरे, तार सहदेवने 'वापरली' नाही; ती त्याच्या हातात ठेवण्यात आली. वऱ्हाडात मिस्तरी माल आणत नाही. तो चिठ्ठी लिहून देतो, माल मालक आणतो, आणि मालकाने जे आणले ते मिस्तरी लावतो. 'माल मालकाचा, हात मिस्तरीचे' ही आमच्याकडची रीत इतकी जुनी आहे की ती कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही, आणि म्हणूनच अहवालातही नाही. तिसरे, निष्काळजीपणा. या प्रकरणात जेवढी काळजी घेतली गेली त्याच्या निम्मी घेतली असती, तर आग लागली नसती. चौथे, माझा दोष 'आढळून येत नाही'. एखादी वस्तू आढळण्यासाठी ती शोधावी लागते. अहवाल लिहिणारे वीज निरीक्षक महाशय माझ्या घरी पंचवीस मिनिटे होते. त्यांपैकी वीस मिनिटे त्यांनी पोथ्यांच्या कपाटासमोर आदराने उभे राहण्यात घालवली.

एखाद्या निवृत्त माणसाने आपल्या निर्दोषत्वावर एवढा वेळ का घालवावा, असे कोणी विचारील. कारण या एका वाक्याच्या आधारे सहदेवचा तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना अकोल्याच्या कार्यालयातील एका खणात जाऊन पडला होता. चोवीस जूनला सुनावणी होती. तोपर्यंत वाक्य जसेच्या तसे उभे राहिले असते, तर परवाना कायमचा रद्द होणार होता. सहदेवचे वय त्रेपन्न. त्या वयात दुसरा धंदा शिकता येत नाही; फार तर प्राध्यापक होता येते.

आता घटनाक्रम.

माझी अभ्यासिका गच्चीवर आहे. तीत दोनशे बारा पोथ्या आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्यासोबत मी असतो. अमरावतीचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना कूलरविषयी सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. परंतु कूलर हवेत ओल सोडतो, आणि ती ओल तीनशे वर्षांचा कागद पितो. गेल्या एप्रिलमध्ये एका पोथीच्या कडेला हिरवट बुरशी दिसली तेव्हा मी दोन टनांचा एसी घेण्याचे ठरवले. मला स्वतःला थंडाव्याची आवड नाही. हे मी वसाहतीत अनेकांना सांगितले. कोणाचा विश्वास बसल्याचे दिसले नाही.

सहदेव मिस्तरी आमच्याकडे वीस वर्षांपासून येतो. तो बोलण्याआधी वस्तूकडे पाहतो. आमच्या विद्यापीठात ही सवय मला कोणात आढळली नाही. तो गच्चीवर गेला, उन्हात उभा राहिला, गच्चीवरून जाणाऱ्या जुन्या पाइपावर त्याने तळहात ठेवला आणि लगेच उचलला. त्या पाइपातून आधीच दोन जोड्या तारा गेल्या होत्या. मग खाली येऊन त्याने विचारले की वरच्या लाइनीवर एसीखेरीज आणखी काय काय आहे. मंजुषेने, म्हणजे माझ्या पत्नीने, यादी सांगितली: पाण्याची मोटर आणि घरघंटी. घरी दळलेल्या ज्वारीशिवाय भाकरी भाकरी होत नाही, असे तिचे माहेरून, मोर्शीहून, आणलेले मत आहे, आणि घरघंटीचा आवाज खाली सहन होत नाही, असे माझे. त्यामुळे ती गिरणी गच्चीवरच्या शेडमध्ये असते.

सहदेवने चिठ्ठी लिहिली: सहाची तार, वेगळा पाइप, आणि तो उत्तरेच्या भिंतीने, सावलीतून.

सहाची म्हणजे सहा चौरस मिलिमीटर छेदाची. एवढे मी विचारून घेतले. पुढचे विचारायला नको होते, ते म्हणजे 'कशावरून'.

"सर, पाइप तापते ना उन्हात," सहदेव म्हणाला. "त्यात तीन तीन जोड्या एकमेकीले चिटकून. मानूस सावलीत दोन पोते उचलते, उन्हात एक नाई उचलत. तारेचं बी तसंच हाये."

मी त्याला सांगितले की उपमा हे प्रमाण नव्हे. उपमेने बुद्धीला चालना मिळते, निर्णय मिळत नाही. तो ऐकून घेत होता. मंजुषा मात्र मध्येच म्हणाली, "अहो, वीस वर्षांपासून करून राहिला तो. त्याले कळते म्हणून तर बोलावलं ना?" हे तिने त्याच्यासमोर म्हटले. मी ते येथे केवळ नोंदीसाठी लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी नियमपुस्तिका मिळवली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती होती. अकरा वर्षांत ती बाहेर नेणारा मी पहिला वाचक, असे तिच्या मागे चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवरून दिसले. सहदेवच्या व्यवसायाचे मूळ ग्रंथप्रामाण्य अकरा वर्षे कोणी उघडले नव्हते आणि तरी अमरावतीत दिवे लागत होते, यातून मी योग्य तो बोध घ्यायला हवा होता. मी उलटा घेतला.

ग्रंथ सुंदर होता. त्याचे सार असे: घरातला एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, यंत्राचे रक्षण करण्यासाठी नसतो, तो तारेचे रक्षण करतो. तारेला झेपेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला की तार तापते, तिच्यावरचे आवरण वितळते, आणि त्याआधी एमसीबीने पडून वाट बंद करायची असते. म्हणून तीन संख्या एका ओळीत उभ्या राहिल्या पाहिजेत. भार सर्वांत लहान, एमसीबी मधला, आणि तारेची ताकद सर्वांत मोठी. हा नियम वाचून मला एखाद्या प्राचीन सूत्रकाराला भेटल्याचा आनंद झाला. मी कागद घेतला. एसी अकरा अँपिअर, मोटर पाच, घरघंटी सहा; एकूण बावीस. तक्त्यात अडीचच्या तारेपुढे आकडा होता सत्तावीस. बाजारात मिळणारा एमसीबी पंचवीसचा. बावीस, पंचवीस, सत्तावीस. तीन पायऱ्या, एकही डळमळीत नाही. सहाची तार कशाला? अज्ञान नेहमीच जाड तार मागते, असे एक वाक्यही मला तेव्हा सुचले, आणि ते मी वहीत लिहून ठेवले.

मी अडीचची तार आणली. सहदेवने गुंडाळी हातात घेतली, तिच्यावरचे छापील अक्षर वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्याच्यापुढे तक्ता ठेवला. त्याला इंग्रजी वाचता येत होते, परंतु त्याने वाचले नाही. तो फक्त म्हणाला की तक्त्याले ऊन लागत नाई. या वाक्यावर मंजुषा हसली. मी हसलो नाही. मी तार जुन्याच पाइपातून ओढायला सांगितली, कारण सिद्धान्त एकदा मान्य झाला की अर्ध्यावर थांबणे हे बौद्धिक अप्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

"तार तुमची, तं तुमच्या मनानं," सहदेव म्हणाला. "एमसीबी माह्या मनानं."

आणि त्याने पंचवीसऐवजी सोळाचा बसवला. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर 'सोळा' असे लिहून, खाली परवाना क्रमांक टाकून सही केली आणि तो गेला.

सोळाचा एमसीबी पडू लागला. एसी व मोटर एकत्र चालली की काही वेळाने, आणि त्यांत घरघंटी आली की लवकरच. तो पडणे हेच त्याचे काम होते. पण जो आपले काम करतो त्याच्याविषयी वसाहतीत लगेच तक्रारी सुरू होतात. मंजुषेची ज्वारी अर्धवट दळून गिरणीत अडकली. एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा मी संगणकावरून घेत असताना, तिला मी अत्यंत अवघड प्रश्न विचारला आणि पडदा काळा झाला. वीज परत येईपर्यंत इतर परीक्षकांनी तिला पदवी देऊन टाकली होती.

यानंतर सल्ले आले. आमच्या वसाहतीत ज्ञान फार आहे आणि काम कमी, त्यामुळे सल्ल्याचा दाब कायम उच्च असतो. भूगोलाच्या एका माजी प्राध्यापकांनी घराची दिशा चुकल्याचे सांगितले. वाणिज्य शाखेच्या एका बाईंनी एमसीबीवर लिंबू-मिरची टांगण्याचे सुचवले. त्यांनी दोन्ही वस्तू सोबत आणल्या होत्या. सर्वांत ठाम मत शेजारच्या देवरावांचे होते. देवराव एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होते आणि बसच्या दिव्यांवर त्यांची तेहतीस वर्षे गेली. बसची वीज चोवीस व्होल्टची असते व घरची दोनशे तीसची, हा फरक त्यांच्या मते केवळ आकड्याचा होता.

"सर, ह्या मिस्तऱ्यानं तुमाले लहान एमसीबी लावून देल्ला," ते म्हणाले. "लहान पोराले दारावर राखन बसवलं तं ते रडनारच. मोठा लावा, चूप राहते."

येथेही उपमाच होती. पण ती माझ्या बाजूची होती, आणि तिला प्रमाण मानण्यात मला अडचण वाटली नाही. मी सहदेवला फोन करून पंचवीसचा बसवायला बोलावले. तो नाही म्हणाला. त्याचा नकार पाच शब्दांचा होता: "मी नाई लावत, सर. नमस्कार." मग मी स्वतः पंचवीसचा एमसीबी घेऊन आलो आणि देवराव आपला पेचकस घेऊन आले. बसवल्यावर देवरावांनी त्या काळ्या खटक्यावर दोन बोटे टेकून क्षणभर डोळे मिटले. ते काय पुटपुटले ते मी विचारले नाही.

एमसीबी चूप राहिला. एकोणीस दिवस एसी, मोटर आणि घरघंटी ही तिन्ही यंत्रे गुण्यागोविंदाने चालली. मी देवरावांना माझ्या एका ग्रंथाची प्रत भेट दिली.

विसाव्या दिवशी, दुपारी अडीच वाजता, बाहेर सेहेचाळीस अंश असताना, अभ्यासिकेत चोवीस अंशांत बसून मी एका पाठभेदावर टिपण लिहीत होतो. प्रथम वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा वास मी देवरावांच्या स्वयंपाकाचा समजलो; त्यांच्या पत्नी त्या सुमारास माहेरी, दर्यापूरला गेल्या होत्या. मग खिडकीतून दिसले की गच्चीवरचा पाइप एका जागी मेणासारखा वाकला आहे आणि त्यातून धूर निघतो आहे. त्यावर मंजुषेने कुरडया वाळत घातलेल्या जुन्या साडीचा पदर होता. पदर पेटला, कुरडया तडतडल्या, आणि ज्वाळा सामाईक कठड्याकडे सरकली. कठड्यापलीकडे देवरावांची हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी होती. टाकीला तळाशी एक भोक पडले, ते मोठे झाले, आणि देवरावांचे सगळे पाणी एकदम माझ्या आगीवर येऊन पडले. आग विझली. आमच्या वसाहतीत संकटाच्या वेळी शेजाऱ्याने इतक्या तत्परतेने केलेली मदत मी दुसरी पाहिली नाही. या सर्व काळात पंचवीसचा एमसीबी शांत होता; जी वाट बंद करण्यासाठी त्याला नेमले होते ती त्याने शेवटपर्यंत उघडी ठेवली. खालचा मुख्य खटका मंजुषेने पाडला, कोणालाही न विचारता.

पोथ्या वाचल्या. उरलेले पाणी जिन्यावरून देवरावांच्या दिवाणखान्यात गेले.

देवरावांनी तक्रार केली. तक्रारीत त्यांनी स्वतःचा उल्लेख केवळ 'शेजारी' असा केला होता. पेचकसाचा उल्लेख नव्हता.

तक्रारीमागून निरीक्षक आले. अनुप हे त्यांचे नाव. तरुण, नम्र, आणि दुर्दैवाने वाचनाची आवड असलेले. पोथ्यांसमोरची वीस मिनिटे संपल्यावर त्यांनी बोर्डावर पंचवीस पाहिला, कागदावर सोळा पाहिला, आणि दोहोंचा मेळ असा घातला की सहदेवने खोटा कागद दिला. मी त्यांना माझे तीन आकडे दाखवले. त्यांनी तक्ता पाहिला आणि त्याखाली बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवले. ती तळटीप होती. तीत लिहिले होते की वरील आकडे तीस अंश तापमानाला आणि पाइपात एकच जोडी असताना लागू आहेत. हवा अधिक तापलेली असेल किंवा जोड्या अधिक असतील तर ते पुढील पानावरच्या गुणकांनी कमी करावेत. अनुप यांनी तिथेच गुणाकार केला. उन्हातला पाइप पंचावन्न अंशांचा धरून आणि तीन जोड्या धरून, माझे सत्तावीस साडेअकरा झाले. साडेअकरा झेपणारी तार बावीस वाहत होती, आणि पंचवीसच्या पहारेकऱ्याला त्यात वावगे काही दिसत नव्हते.

"तुमच्या नजरेतून सुटली असेल, सर," अनुप आदराने म्हणाले. "इतकं बारीक छापतात."

मी हे म्हणणे खोडून काढले नाही. ज्या माणसाने दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना तळटीप न वाचल्याबद्दल नापास केले, त्याच्याविषयी यापेक्षा सौम्य काही बोलणे शक्य नव्हते. मंजुषा चहाचे कप उचलत होती. ती माझ्याकडे पाहत होती, कपांकडे नाही.

मी अनुप यांना सांगितले की तार मी आणली, एमसीबीही मीच. ते हसले. असला मोठेपणा आता कोणात राहिलेला नाही, असे म्हणाले, आणि आठवडाभराने तो अहवाल आला.

त्यानंतरचा महिना मी आरोपी होण्यासाठी खर्च केला. हे काम वाटते तितके सोपे नाही. अमरावतीच्या कार्यालयात मला सांगण्यात आले की अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने असतात, 'बाधित व्यक्ती' आणि 'परवानाधारक'. घरमालक पहिल्यात बसतो. दुसऱ्यात बसायचे, तर परवाना हवा. मी विचारले की दोष करण्यासाठीही परवाना लागतो काय. तसे नियमात नाही, पण प्रथा आहे, असे उत्तर आले. निर्दोष ठरल्याविरुद्ध अपील करता येईल का, असे विचारले तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी पुस्तक पाहण्याची तसदी घेतली, हे मी मान्य करतो. अपील फक्त 'व्यथित' पक्षाला करता येते. मी म्हणालो, मी व्यथित आहे. त्यांनी विचारले, कशाने. मी म्हणालो, माझ्या निर्दोषत्वाने. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवले.

वसाहतीतही ही बातमी पसरली. काहींना वाटले की उन्हाचा परिणाम आहे. देवराव येऊन समजावून गेले की गरिबाबद्दल दया ठेवावी, पण कागदावर ठेवू नये. शेवटी अनुप यांनीच एक वाट सांगितली: सुनावणीच्या दिवशी अकोल्याच्या कार्यालयात घरमालकाने स्वहस्ते निवेदन दिले, आणि त्यात सल्ल्याविरुद्ध काम करून घेतल्याचे स्पष्ट लिहिले, तर परवाना त्याच दिवशी परत देण्याचा अधिकार तिथल्या साहेबांना आहे.

मी निवेदन लिहिले. ते अकरा पानांचे झाले. त्याला चौतीस तळटिपा होत्या. या प्रकरणानंतर त्यांत कसूर करणे मला परवडणारे नव्हते. अहवालातल्या चारही विधानांचे मी खंडन केले, 'माल मालकाचा' या प्रथेचा इतिहास दिला, आणि नवव्या पानावर, जिथे माझ्या स्वतःच्या वाट्याचा भाग येत होता, तिथे लिहिले की 'उक्त तळटीप निर्णयप्रक्रियेत विचारात घेतली गेली नाही'. हे वाक्य मी सात वेळा लिहिले. प्रत्येक वेळी ते अधिकाधिक गुळगुळीत झाले.

चोवीस जूनला सकाळच्या बसने मी आणि सहदेव अकोल्याला निघालो. खिडकीजवळची जागा त्याने मला दिली. मूर्तिजापूर मागे पडले. मग मी त्याला सांगू लागलो की घडल्या प्रकाराबद्दल मला मनापासून वाईट वाटते, आणि पुढेही काही सांगणार होतो.

"माफी नका मागू, सर," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "ते तुमाले जमत नाई. फक्त लिहून द्या."

अकोल्याचे ते कार्यालय जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीत, धान्याच्या दुकानावर होते. आवक खिडकीवर जमुनाबाई नावाच्या कारकून होत्या. त्यांच्यामागच्या कपाटाच्या खणात सहदेवचा परवाना होता. लॅमिनेशनची एक कड बाहेर आलेली दिसत होती. सहदेवने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो बाकावर जाऊन बसला. त्याच्या शर्टाचा वरचा खिसा, ज्यात तो परवाना वीस वर्षे होता, अजूनही चौकोनी फुगलेला होता. रिकामा.

मी अकरा पाने आत सरकवली. जमुनाबाईंनी ती मोजली आणि परत सरकवली. नमुन्यात निवेदनासाठी पाच ओळी असतात, त्याहून जास्त साहेब वाचत नाहीत, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो की सत्य पाच ओळींत मावत नाही. त्या म्हणाल्या की इथे रोज मावते. मग, बहुधा माझ्या वयाकडे पाहून, त्यांनी पाने पुन्हा ओढून घेतली आणि वाचायला सुरुवात केली. माझ्या मागे रांग होती. त्यांनी सर्व अकरा पाने वाचली. माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी तेवढी वाचली नव्हती.

नवव्या पानावर त्यांचे पेन्सिलचे टोक थांबले.

"सर, हे काय हो? 'विचारात घेतली गेली नाही'. कोनं नाई घेतली?"

मी म्हणालो, संदर्भावरून ते स्पष्ट आहे.

"बरं. दिसली नव्हती, का दिसून सोडली?"

मी म्हणालो की तळटीप फार बारीक अक्षरात होती.

"तं तुमी बारीक अक्षरं नाई वाचत?" त्यांनी पहिले पान उलटून माझ्या नावाखालची ओळ वाचली. "पोथ्या वाचता म्हनून लिवलं इथं."

रांगेतला एक माणूस घड्याळ पाहू लागला. मी जमुनाबाईंना विचारले की याचा निकालाशी संबंध काय. त्यांनी अगदी शांतपणे सांगितले की संबंध एवढाच की नजरचूक असली, तर साहेब लिहितात, मालकाची नजरचूक, पण मिस्तरीने तरी थांबवायला हवे होते; दोष दोघांचा, परवाना गेला. आणि मालकाला ठाऊक असून केले असेल, तर मिस्तरीने सांगून मालकाने ऐकले नाही, दोष एकाचा. मधले काही नमुन्यात नाही.

चाळीस वर्षांत मला असा पाठचिकित्सक भेटला नव्हता. अकरा पाने आणि चौतीस तळटिपा यांच्या खाली मी जे एक वाक्य पुरले होते, त्याच्या बरोबर वर त्यांनी पेन्सिल ठेवली होती. मी मागे वळून पाहिले. सहदेव माझ्याकडे पाहत नव्हता. तो छताजवळच्या उघड्या जोडणीकडे पाहत होता, जिथे कोणीतरी एका पातळ तारेवर तीन पंखे चालवले होते.

मी नमुना मागितला. जमुनाबाईंनी तो दिला आणि सोबत स्वतःचे पेन दिले. पाच ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. निवेदन नोंदवून घेतले गेले, त्याला आवक क्रमांक मिळाला, आणि परवाना दुपारी दोन वाजता खणातून बाहेर आला. खंडन करण्याचा हक्क मी माझ्याकडे ठेवलेला नाही. संपादनाच्या शिस्तीप्रमाणे मूळ पाठ जसाच्या तसा देतो. त्यात काहीही वाढवलेले, गाळलेले किंवा दुरुस्त केलेले नाही:

"अडीचची तार आणि पंचवीसचा एमसीबी मी आणला. सहदेव यांनी सहाची तार सांगितली होती आणि कारणही सांगितले होते. तक्त्याखालची तळटीप मी दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात वाचली, दोनदा वाचली. सहदेव उन्हात उभे राहून जे बोलले होते तेच तीत लिहिले होते. ते बरोबर होते हे माझ्या बायकोसमोर त्यांना सांगावे लागले असते, म्हणून मी पान उलटले."